पुडी, इंजेक्शन आणि दुकानातली गोळी

राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावातून आलेल्या पत्राचा मुद्द्याचा भाग असा:

‘आईचे वय ६८, मधुमेह अकरा वर्षांचा. चोवीस दिवसांपूर्वी कोल्हापुरात तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. त्याच दिवशी संध्याकाळी तिला उभे केले आणि दुखणे आम्ही धरून चाललो होतो त्यापेक्षा पुष्कळच कमी होते. मात्र ती रात्रभर टक्क जागी राहिली, शेजारच्या खाटेवरच्या बाईला लावणीच्या वेळच्या जुन्या गोष्टी सांगत बसली, आणि सकाळी साखर २८६ निघाली. घरी येऊन कागद वाचले तेव्हा कळले की ऑपरेशनच्या वेळी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे दोनदा डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम दिले होते. माझी मेहुणी म्हणते की हे स्टेरॉइड आहे, याने हाडे पोकळ होतात, सांध्यात पू होतो, आणि करोनात याच औषधाने लोकांचे डोळे गेले. आम्हाला कुणी विचारलेही नव्हते. आता तिसऱ्या आठवड्यात गुडघा रात्री ठणकतो आणि व्यायामाला आई रडते, तर ओळखीचा मेडिकलवाला म्हणतो की तेच औषध गोळीत मिळते, दहा दिवस द्या, चालू लागतील. द्यावे का? साखरेची ग्लिमेपिराइड गोळी तेव्हा दुप्पट केली होती, ती तशीच चालू आहे. परवा पहाटे आईला दरदरून घाम सुटला तेव्हा साखर ७४ होती. डावा गुडघा दिवाळी झाली की लगेच करायचा आहे आणि तोवर त्यात एक इंजेक्शन घेऊन ठेवा, असे इथले डॉक्टर सुचवतात. गणपती तोंडावर आले आहेत आणि आमच्याकडे मोदक तिच्याशिवाय कुणी वळलेले नाहीत. ऑपरेशनपासून ती फार गळून गेली आहे, खाटेवरून उठले की भोवळ येते, मळमळते, पेजेवरसुद्धा वासना नाही. आधी दोन वर्षे ती घाटावरून येणाऱ्या एका माणसाकडची संधिवाताची पुडी घेत असे, तिने फार गुण होता. ऑपरेशनसाठी आम्ही ती बंद केली. तीच पुन्हा सुरू करा, असा तिचा हट्ट आहे.’

सप्रेम नमस्कार.

तुमचे प्रश्न इंजेक्शनाबद्दल आणि गोळीबद्दल आहेत, आणि त्यांची उत्तरे मी देणार आहे. पण पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेली पुडीची वाक्ये मी तीनदा वाचली, आणि मला वाटते की खरे पत्र तिथेच आहे. म्हणून क्रम उलटा करतो. हा मजकूर वाचून झाल्यावर करायची गोष्ट आधी सांगतो आणि बाकीचे मग सावकाश बोलू.

आईंना उद्या सकाळी, शक्यतो आठ-नऊच्या सुमारास रक्त देता येईल अशा बेताने, फिजिशियनकडे न्या, आणि गेल्या गेल्या पहिले वाक्य हे सांगा की दोन वर्षे रोज घेतलेली एक पुडी ऑपरेशनसाठी बंद केली आहे आणि तेव्हापासून भोवळ, मळमळ व अशक्तपणा आहे. मी आईंना तपासलेले नाही, त्यामुळे निदान करत नाही. परंतु एवढे ऐकल्यावर कोणताही जाणता डॉक्टर झोपलेल्या आणि उभ्या अवस्थेतला रक्तदाब मोजील, रक्तातले सोडियम, पोटॅशियम आणि सकाळचे कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टेरॉइड, पाहील. त्याआधी घरी ती पुडी किंवा दुकानातली स्टेरॉइडची गोळी दिलीत, तर सकाळच्या कॉर्टिसोलचा आकडाच फसवा येईल आणि उत्तर हातचे जाईल. मात्र उलट्या थांबत नसतील, आई गुंगीत जात असतील किंवा उभ्या उभ्या कोसळल्या, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी जवळच्या रुग्णालयात न्या आणि तिथेही तेच वाक्य आधी सांगा. अशा वेळी शिरेतून दिलेले हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे तेच कॉर्टिसोल औषधरूपात, जीव वाचवते, आणि ते द्यायचे तर पुडीची गोष्ट कुणीतरी सांगावी लागते.

साखरेचेही आजच पाहा. २८६ हा आकडा इंजेक्शनाचा होता. डेक्सामेथासोनचा परिणाम दीड-दोन दिवस टिकतो, तेवढा काळ मधुमेही माणसाची साखर उसळते आणि मग ओसरते. साखर उसळली म्हणून गोळी दुप्पट करणे त्या वेळी चुकीचे नव्हते, पण साखर ओसरल्यावर गोळी तशीच राहिली आणि त्यात आई जेवेनाशा झाल्या. ग्लिमेपिराइड ही गोळी पोटात अन्न नसतानाही साखर खाली ओढते, त्यामुळे पहाटेचा घाम आणि ७४ हे तिचे काम असण्याची शक्यता मोठी आहे. मधुमेहाच्या डॉक्टरांना आजच फोन करून मात्रा विचारून घ्या. ते भेटेपर्यंत ज्या वेळी आई जेवणार नसतील त्या वेळी ही गोळी देऊ नका. साखर ७० च्या खाली गेली किंवा घाम आणि थरथर सुरू झाली, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि पुढचे काही तास मोजत राहा. या गोळीने खाली गेलेली साखर वर येऊन पुन्हा घसरू शकते.

आता पुडीकडे वळू. संधिवाताच्या ज्या पुड्यांवर घटक लिहिलेले नसतात, निर्मात्याचे नाव नसते, आणि ज्यांनी तिसऱ्या दिवशी सांधे मोकळे होतात, अशा अनेक पुड्यांत प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन कुटून घातलेले आढळले आहे. हा दोष वैद्यकाच्या कुठल्या एका शाखेचा नाही. वैद्यांकडच्या औषधाच्या बाटलीवर नाव, घटक आणि बॅच क्रमांक असतो, तुमच्या पुडीवर वर्तमानपत्राचा तुकडा होता. दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या लग्नातला आईंचा फोटो काढा आणि मे महिन्यातल्या फोटोशेजारी ठेवा. चेहरा गोल झाला होता का, मानेमागे मांस वाढले होते का, बांगडीचा धक्का लागला तरी हातावर काळेनिळे डाग पडत होते का, मधुमेह त्याच काळात हाताबाहेर जाऊ लागला होता का? या प्रश्नांची उत्तरे होय आली, तर त्या पुडीत काय होते याचा अंदाज प्रयोगशाळेशिवायही बांधता येतो.

अशी पुडी एकदम बंद केल्यावर माणूस का गळतो, ते समजायला अवघड नाही. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात आणि त्या रोज कॉर्टिसोल बनवतात. रक्तदाब धरून ठेवणे, उपाशीपोटी साखर पडू न देणे, आजारपणात किंवा शस्त्रक्रियेत शरीराला तग धरायला लावणे ही कॉर्टिसोलची कामे. बाहेरून रोज स्टेरॉइड येऊ लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी अधिवृक्काला हुकूम पाठवणे थांबवते आणि ती ग्रंथी आकसत जाते. आपल्याकडे नळयोजना आली की बावीकडे कुणी फिरकत नाही, कठड्यावर शेवाळ चढते, तळाशी गाळ साचतो. मग एक दिवस नळ बंद पडला की कळशी सोडून उपयोग होत नाही, आधी गाळ काढावा लागतो, आणि त्याला दिवस लागतात. ग्रंथीला पुन्हा जागे व्हायला आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. म्हणूनच तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले स्टेरॉइड एकदम सोडायचे नसते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवायचे असते. तुम्ही पुडी बंद केलीत ती चांगल्या हेतूनेच. पण ती बंद केल्याचे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितले होते का, हे पत्रात नाही. बहुधा नसावे, कारण पुडी कुणाला औषध वाटतच नाही.

मी स्वतः भूल देणारा डॉक्टर होतो आणि हा धडा मला एका आजोबांनी शिकवला. मांडीच्या हाडाचे साधे ऑपरेशन, रक्तस्राव बेताचा, आणि तरी रक्तदाब सत्तरच्या वर चढेना. सलाइन झाले, नेहमीची औषधे झाली, काही उपयोग नाही. शेवटी हायड्रोकॉर्टिसोन दिले आणि पंधरा-वीस मिनिटांत आकडा सावरला. बाहेर येऊन त्यांच्या सुनेला विचारले तर ती म्हणाली, ‘औषध कसलेच नाही हो, फक्त ती पुडी.’ आदल्या संध्याकाळी तपासणीच्या वेळी मी ‘कुठली औषधे चालू आहेत?’ असे विचारले होते, आणि त्या प्रश्नाला त्यांनी प्रामाणिक उत्तर दिले होते. त्यानंतर मी ‘पुडी, चूर्ण, काढा, कुणी दिलेली गोळी’ असे एकेक नाव घेऊन विचारू लागलो.

आता कोल्हापुरात दिलेल्या इंजेक्शनाबद्दल. तुमच्या मेहुणीबाईंनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी हवेतल्या नाहीत. त्या स्टेरॉइडच्याच गोष्टी आहेत, फक्त दुसऱ्या मात्रेच्या आणि दुसऱ्या मुदतीच्या. हाडे विरळ होतात ती महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडने. २०२१ साली म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, जे डोळे आणि जबडे गेले, तिथे करोना, हाताबाहेर गेलेला मधुमेह आणि गरजेपेक्षा जास्त, जास्त दिवस दिलेले स्टेरॉइड या तिघांची गाठ पडली होती. दोन दिवसांतल्या दोन इंजेक्शनांना तो हिशेब लागत नाही. जंतुसंसर्गाची भीती मात्र रास्त होती आणि ती तपासूनही झाली आहे: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेआठ हजारांहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या वेळी ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिलेल्यांत जखमेतला संसर्ग न दिलेल्यांपेक्षा वाढला नाही, आणि त्या रुग्णांत मधुमेहीही होते. तरीही ज्यांची साखर आधीपासूनच बेताल आहे अशांना हे औषध जपून द्यावे, या मताचा मी आहे, आणि दिले तर पुढचे दोन दिवस दर चार-सहा तासांनी साखर मोजलीच पाहिजे.

ते का देतात, हे गुडघ्याच्या ऑपरेशनात काय घडते हे पाहिल्याखेरीज पटणार नाही. मांडीच्या आणि नळीच्या हाडाची टोके करवतीने कापून त्यांवर धातूच्या टोप्या बसवतात, मध्ये प्लास्टिकची चकती येते. एवढी हाडे आणि मांस दुखावल्यावर शरीर त्या जागी दाह उभा करते. सूज, ऊब, ठणका हे सारे त्या दाहाचे काम, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत तो चरमाला असतो. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, नसेजवळ दिलेले बधिरीकरणाचे औषध, फारच झाले तर मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल, अशी चार बाजूंनी वेदनेची कोंडी करतात. आयबुप्रोफेनच्या जातीची औषधे दाहाच्या साखळीतली खालची एक कडी अडवतात, तर स्टेरॉइड त्याच साखळीच्या बरेच वरच्या अंगाला हात घालते. व्हाळाचे पाणी शेतात शिरू लागले तर खाली प्रत्येक बांधावर माती टाकत बसण्यापेक्षा वर जिथे फाटा फुटतो तिथे दोन दगड टाकावेत, तसे ते आहे. शिवाय भुलीनंतरची उलटी थांबवण्यासाठी हे औषध कित्येक वर्षांपासून ४ ते ८ मिलिग्रॅम मात्रेत दिले जाते, त्यामुळे भूल देणाऱ्यांच्या हाताखालचे ते आहे.

या उपायावरचे महत्त्वाचे अभ्यास डेन्मार्कमध्ये झाले. तिथल्या डॉक्टरांनी २०११ साली गुडघा बदलण्याआधी मिथाइलप्रेडनिसोलोन १२५ मिलिग्रॅमचा एकच डोस शिरेतून देऊन पाहिला, आणि रुग्णांचे पहिल्या दिवसाचे दुखणे, चालतानाचेसुद्धा, कमी झाल्याचे दिसले. पुढे २०२२ मध्ये तिथल्याच पाच रुग्णालयांतल्या ४८५ रुग्णांवर डेक्सामेथासोन २४ मिलिग्रॅम एकदा, तेवढेच दोन दिवसांत दोनदा, आणि मुळीच नाही, अशी तुलना झाली. दोनदा दिलेल्यांना ४८ तासांत मॉर्फिन सुमारे १० मिलिग्रॅमने कमी लागले. एकदाच दिलेल्यांतला फरक अभ्यासकांनी आधी आखून घेतलेल्या रेषेपर्यंत पोचला नाही. या आकड्यांकडे मी थोड्या सावधपणे पाहतो. दहा मिलिग्रॅम मॉर्फिन वाचणे ही चमत्काराची गोष्ट नाही, पण सत्तरीकडे झुकलेल्या बाईच्या बाबतीत तेवढ्याने उलटी, बद्धकोष्ठ आणि गुंगी कमी होते, आणि गुंगी कमी म्हणजे संध्याकाळी वॉकर धरून उभे राहता येणे. आईंना त्याच दिवशी उभे केले गेले, त्यात या इंजेक्शनाचा वाटा होता. रात्रभर जागून त्यांनी लावणीच्या गोष्टी सांगितल्या, तोही त्याचाच गुण. स्टेरॉइडने झोप उडते आणि बोलण्याची हुक्की येते. खरे तर शेजारच्या खाटेवरच्या बाईंची मला अधिक काळजी वाटते.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे: तुम्हाला हे आधी सांगायला हवे होते. संमतीच्या कागदावर सही घेताना ‘दुखणे आणि उलटी कमी व्हावी म्हणून स्टेरॉइडचे एक-दोन डोस देऊ, साखर दोन दिवस वाढेल, झोप कमी लागेल’ एवढे बोलायला अर्धे मिनिट पुरते, आणि ते बोलले गेले असते तर पुडीची आठवणही कदाचित तिथेच निघाली असती. दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी हा प्रश्न तुम्हीच विचारा.

मेडिकलवाल्याच्या सल्ल्याकडे येताना थोडे गणित करू. ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे ताकदीने सुमारे ५३ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतके भरते. म्हणजे रुग्णालयात दिलेली मात्रा लहान नव्हती, मुदत लहान होती, आणि सुरक्षितपणा मुदतीत होता. ऑपरेशननंतर घरी पाठवताना पाच-सहा दिवसांचा, रोज उतरत जाणारा स्टेरॉइडचा कोर्स देण्याची पद्धत काही शल्यविशारद पाळतात. पण तो कोर्स पहिल्या आठवड्यासाठी असतो, ज्यांनी गुडघा उघडून पाहिला आहे त्यांनी ठरवलेला असतो, आणि जखमेकडे त्यांचे लक्ष असते. चोविसाव्या दिवशी काउंटरवरून उचललेले दहा दिवस ही वेगळी गोष्ट आहे. या घडीला ठणक्याचे कारण ठरलेले नाही. समजा आत संसर्ग सुरू झाला असेल, तर स्टेरॉइड त्याचा ताप झाकील, लाली झाकील, दुखणेही थोडे झाकील, आणि आठ-दहा दिवसांनी तो अधिक खोल रुजलेला सापडेल. बदललेल्या सांध्यातला संसर्ग लवकर सापडला तर गुडघा उघडून, धुऊन, चकती बदलून भागू शकते. उशीर झाला तर बसवलेले सगळे काढावे लागते. साखर पुन्हा चढेल ते वेगळेच, आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी गोळी जोडीला चालू असेल तर जठरात व्रण होऊन रक्तस्रावाचा धोका वाढतो. कायद्यानेही प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तो तुमचा ओळखीचा आहे, त्याचे मन दुखावू नका. पाकिटावरची तांबडी रेघ त्यालाच वाचून दाखवायला सांगा.

मग गुडघा का ठणकतो? तिसऱ्या आठवड्यात रात्री दुखणे, संध्याकाळी सूज येणे, हात लावला तर गुडघा दुसऱ्या गुडघ्यापेक्षा कोमट लागणे, हे बहुतेकांना होते आणि दोन-तीन महिन्यांत हळूहळू उतरते. नसेभोवतीचे औषध आणि स्टेरॉइड या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसांच्या. त्यांनी दिलेली उसनी सवलत संपली की आठव्या-दहाव्या दिवशी दुखणे ‘पुन्हा आले’ असे वाटते. परंतु ताप किंवा थंडी वाजणे, टाक्यांतून पाणी किंवा पू येणे, लाली पसरत जाणे, कालपर्यंत वाकणारा गुडघा आज अचानक न वाकणे, यांतले काही असले तर शल्यविशारदांना त्याच दिवशी कळवा. पोटरी एका बाजूची सुजून दाबल्यावर दुखत असेल, किंवा एकाएकी धाप लागली आणि छातीत दुखले, तर फोन करण्यातही वेळ न घालवता रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी ही शक्यता असते. अणुस्कुरा घाट उतरून-चढून दर वेळी कोल्हापूर गाठणे सोपे नाही हे मला ठाऊक आहे, विशेषतः या पावसात. म्हणून रोज सकाळी एकाच उजेडात गुडघ्याचा फोटो काढून ठेवा. आजचा आणि आठवड्यापूर्वीचा फोटो शेजारी ठेवून पाठवला की डॉक्टरांना फोनवरूनही बरेच ठरवता येते.

साध्या उपायांनी या टप्प्यावर जेवढे साधते तेवढे गोळीने साधत नाही, आणि ते मनापासून कुणी करत नाही म्हणून मी जरा घोळवून सांगतो. पॅरासिटामॉल दुखले की मग नव्हे, वेळा बांधून घ्यायचे. ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन-चारदा, पण सगळे मिळून ३ ग्रॅमच्या आत, आणि त्यातली एक व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी. यकृताचा त्रास असेल तर आधी विचारावे. बर्फ थेट लावायचा नाही; पिशवीत घालून पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, व्यायामानंतर आणि झोपण्यापूर्वी. गुडघ्याखाली उशी ठेवली की बरे वाटते, म्हणून घरोघर तीच ठेवतात, आणि तीच नको: गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे सरळ होत नाही. उशी किंवा गुंडाळलेली चादर टाचेखाली ठेवा म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ होत जाईल. खाटेवर बसून टाच गादीवर घासत मागे ओढणे, मांडीचा स्नायू आवळून पाच मोजणे, पाऊल वरखाली करणे, हे थोडे थोडे दिवसातून पाच-सहा वेळा करायचे. एका वेळी अर्धा तास रडत रडत नव्हे. व्यायामानंतरचे दुखणे तासाभरात निवत असेल तर मात्रा बरोबर आहे, रात्रभर टिकत असेल तर दुसऱ्या दिवशी निम्मे करा.

घर चिरेबंदी आणि जुने असेल, तर उंबरठे उंच असणार आणि न्हाणीघर परसात असणार. तिथपर्यंतच्या वाटेवरचे शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढा, आणि पाखाडीच्या पायऱ्या आईंनी सध्या चढू-उतरू नयेत हे बरे. घरातली पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. मागे एक माणूस.

मोदकांचे सांगतो. पाटावर मांडी घालून किंवा उकिडवे बसून या वर्षी काहीच नाही, विळीवर बसून नारळ खवणेही नाही. खवण्याचे काम तुम्ही करा, उकड मेहुणीबाईंना मळू दे, आणि हाताच्या खुर्चीवर बसवून आईंपुढे टेबल ठेवा. कळ्या त्यांनीच पाडाव्यात. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालायचे, एवढी अट घाला. मात्र भोवळीचा उलगडा झाल्याशिवाय चुलीजवळ त्यांना उभे करू नका.

डाव्या गुडघ्यातले इंजेक्शन हा शेवटचा मुद्दा. झिजलेल्या गुडघ्यात स्टेरॉइड भरले की काही आठवडे आराम पडतो हे खरे, पण त्याच गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या तीन महिन्यांत झाली तर संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून तीन महिन्यांचे अंतर ठेवतात. श्रावणात इंजेक्शन आणि तुळशीच्या लग्नाआधी ऑपरेशन, हे गणित बसत नाही. दोहोंपैकी एकच काहीतरी ठरवावे लागेल. आईंच्या बाबतीत मी इंजेक्शन टाळीन, कारण गुडघ्यात दिलेले स्टेरॉइडही रक्तात उतरते, साखर काही दिवस वाढवते आणि ग्रंथी अगोदरच झोपलेली असेल तर तिला आणखी झोपवते. बदललेल्या उजव्या गुडघ्यात तर असे इंजेक्शन कुणी सुचवले तरी शल्यविशारदांच्या लेखी सल्ल्याशिवाय घ्यायचे नाही. खरे सांगायचे तर दिवाळीची तारीखच मी आताच धरून बसणार नाही. कॉर्टिसोलचा अहवाल काय येतो, ग्रंथी कितपत जागी आहे, साखर कुठे स्थिरावते, यावर ती तारीख ठरेल, आणि ग्रंथी झोपलेली निघाली तर दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी आईंना स्टेरॉइड द्यावेच लागेल, ते दुखण्यासाठी नव्हे, रक्तदाब टिकावा म्हणून.

घरात त्या पुडीतले थोडे उरले असेल, कोनाड्यात किंवा आईंच्या उशाखाली, तर ते रागाने चुलीत घालू नका. कागदासकट डब्यात बंद करून उद्या फिजिशियनकडे न्या. ते अन्न व औषध प्रशासनाकडे कसे पाठवायचे ते सांगतील. तुमच्या वाडीत तीच पुडी आणखी कोण कोण घेते, हेही विचारून ठेवा, आणि त्यांनी ती ऐकल्याबरोबर एकदम सोडू नये, आधी डॉक्टरांना भेटावे, असा निरोप त्यांना द्या.